काळ्यांची बाजू

“नाही म्हणजे नाही! गोऱ्या माणसानं तो शब्द तोंडातून काढायचाच नाही!” सत्यमनं टेबलावर अशी मूठ आपटली की प्रदीपचा माईक जागच्या जागी नाचला.

लाइव्ह चांगलंच रंगात आलं होतं. भाजे गावातली प्रदीपच्या घरची पुढची खोली, आवाज घुमू नये म्हणून भिंतीला टांगलेल्या गोधड्या, समोर प्रदीपचा फोन आणि फोनच्या पलीकडे पाच-सहाशे माणसं. सत्यमनं बोलायचं आणि प्रदीपनं मागं ठेका धरायचा, ही शाळेपासूनची जोडी. सत्यम वरच्या आळीतल्या दत्तोबांचा नातू, घरची भातशेती, पण पोरगं अर्धं जेवण प्रदीपच्या आईच्या, चंपामावशीच्या हातचंच जेवायचं. आणि आज राजेश्वरीबाई बघत होत्या. लोणावळ्यात हिपहॉपचा मोठा जलसा भरवणाऱ्या त्याच. त्यांच्या मनास आलं तर दोघांना स्टेज मिळणार होतं. प्रदीप तर सकाळपासून धड जेवलाही नव्हता.

बोलण्यात सत्यम कुणाला हार जायचा नाही. “अमेरिकेतले काळे रॅपर सोन्याच्या साखळ्या घालतात म्हणून नाकं मुरडता होय? ज्याच्या पणज्याच्या गळ्यात लोखंड होतं, त्यानं सोनं मिरवलं तर तुमच्या पोटात का दुखावं? वाद्यं घ्यायला पैसे नव्हते त्यांच्याकडे. जुन्या तबकड्या उलटसुलट फिरवून ठेका काढला गड्यांनी! आणि आपल्याकडं बघा. रविवारी लेण्यांच्या पायथ्याला गाड्या लावायच्या, त्यांचीच गाणी ठणाणा वाजवायची, आणि त्या माणसांना ज्या शब्दानं गुलाम म्हणून हाका मारल्या, तो शब्दही हसत हसत म्हणायचा. लाज वाटत नाही?”

कुणीतरी खाली लिहिलं, ‘पण चाहते प्रेमानं म्हणत असतील तर?’

“प्रेमानं मारला तरी चाबूक तो चाबूकच, भाऊ! ज्याच्या पाठीवर वळ, शब्द त्याचा. बाकीच्यांनी गप बसायचं.”

पडद्यावर बदामांचा नुसता पाऊस पडला. आणि त्यातच राजेश्वरीबाईंची ओळ आली. ‘क्या बात! दोघंही या.’

प्रदीपला काय करावं सुचेना. त्यानं ठेका दुप्पट केला. स्वयंपाकघराच्या दारातून चंपामावशी डोकावली, पोरांची तोंडं बघून तीही हसली. सत्यमच्या छातीत तर आनंद मावत नव्हता.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुरवंड्याचा मावसभाऊ ओंकार मोठा स्पीकर घेऊन निघाला होता, आणि गावात येऊन घर शोधत फिरत होता.

“एक मिनिट हं, मित्रांनो,” सत्यम कॅमेऱ्याकडं बघून गोड हसला आणि फोन कानाला लावला. घरचा माणूस, घरची भाषा. “आरं, कुटं हायेस? न्हाई न्हाई, देवळाकडं नगं जाऊ. सरळ म्हारवाड्यात शिर. टाकीशेजारचं पयलंच घर.”

फोन खाली ठेवून त्यानं गळा साफ केला. “तर मी काय म्हणत होतो...”

ठेका थांबला होता. पडद्यावर एकही बदाम उडत नव्हता.

“नेट गेलं का रे?”

“नेट आहे,” प्रदीप म्हणाला.

मग खालून एक ओळ वर आली. ‘आत्ता काय म्हणालास?’

काय म्हणालो? सत्यमनं मनातल्या मनात मागं जाऊन बघितलं, आणि त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. वस्तीचं नाव सिद्धार्थनगर. कमानीवर निळ्या अक्षरांत लिहिलेलं, त्याखालून तो रोज यायचा. प्रदीपचा आजा बौद्ध झाला, तेव्हापासून तो जुना शब्द या घरात मेला होता. वरच्या आळीत तेवढा जिवंत होता. सत्यमचा आजा म्हणायचा, बाप म्हणायचा, भाकरी मागावी इतक्या सहज म्हणायचे. आणि हा दीडशहाणा तो शब्द त्याच घरात बसून, त्याच घरच्या माईकवर बोलला होता!

पहिल्यांदा त्याच्या मनात आलं, मेलो, राजेश्वरीबाईंनी ऐकलं. मग त्यानं प्रदीपकडं पाहिलं, आणि बाई, स्टेज, सगळं विसरला. शाळेत हात मोडला तेव्हाही प्रदीपचं तोंड असं झालं नव्हतं.

“आरं पद्या, मी तसं म्हणून नाही बोललो. आईशप्पत! आमच्या घरी म्हणतातच तसं.”

“माहितीय मला.”

“माहितीय ना? मग?”

“तुझ्या घरी म्हणतात, ते माहितीय,” प्रदीप म्हणाला. “तू म्हणतोस, ते माहीत नव्हतं.”

त्यानं हात लांब करून लाइव्ह बंद केलं. मग माईकची वायर काढली आणि गुंडाळत बसला. सत्यमला रडू फुटायला आलं होतं.

बाहेर मोटारसायकल थांबली. “मावशी, ओ मावशी!” ओंकार ओट्यावरून ओरडला. “सत्यम हितंच हाय का?”

चंपामावशी स्वयंपाकघरातून आली. हात ओलेच होते. सत्यमच्या अगदी जवळून गेली, पण त्याच्याकडं तिनं बघितलं नाही. दार सताड उघडून ती बाजूला झाली.

“व्हय, हितंच हाय,” ती म्हणाली. “तुमचा मानूस आत बसलाय. घेऊन जा.”