पाठीवरून ओळखाल

“ही फाइल माझ्याकडे दे,” शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली. “स्वतःच्या आजाराला स्वतः कोड द्यायचा नसतो.”

पण तोवर तिनं स्क्रीनवर सगळं वाचलं होतं. वर तिचं नाव, खाली निदान. रुग्णालयाच्या कोडिंग विभागात ती वर्षानुवर्षं हेच काम करत आली होती. डॉक्टरांनी लिहिलेलं निदान वाचायचं आणि आजारांच्या यादीतला त्याचा आकडा नोंदवायचा. कंबरदुखीचा वेगळा, दबलेल्या नसेचा वेगळा, सांध्याच्या सुजेचा आणखी वेगळा. आजवर तिच्या नावापुढे साध्या कंबरदुखीचा आकडा होता. आज डॉक्टरांनी नवं निदान लिहिलं होतं, आणि त्याचा आकडा तिला यादी न उघडताही ठाऊक होता. एम पंचेचाळीस.

हा आकडा तिनं कितीतरी जणांना दिला होता. कण्याला आतून येणारी सूज. वेळीच आवरली नाही, तर मणके हळूहळू एकमेकांना चिकटतात. तिच्या प्रशिक्षणाच्या पुस्तकात या आजाराचं एक चित्र होतं, कमरेतून पार वाकलेल्या, फक्त जमीन दिसणाऱ्या माणसाचं. तेव्हा तिनं ते पान पटकन उलटलं होतं. आता ते चित्र डोळ्यांपुढून हलेना.

“मी वाकून जाईन का हो?” त्याच दुपारी तिनं निदान लिहिणाऱ्या डॉक्टरीणबाईंना विचारलं.

“लवकर सापडलंय. औषधंही चांगली आहेत.”

“घरी लेक आहे लहान. उचलून घे म्हणते, आणि मी रोज काहीतरी सबब सांगते.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “माझ्या सांगण्यानं तुमचं समाधान व्हायचं नाही. उद्या सकाळी तरणतलावावर जा. माझ्या सगळ्यात जुन्या पेशंटला भेटा. तेव्हा तर ही औषधंही नव्हती.”

“ओळखू कशी?”

“पाठीवरून ओळखाल,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अंग नेहमीसारखंच आखडलेलं होतं. कशीबशी आवरून ती तलावावर पोचली. क्लोरीनचा वास, ओल्या फरश्या, उंच छपराखाली घुमणारे आवाज. आणि दाराशीच, बाकावर, तो.

कमरेतून असा वाकलेला, की जमिनीवर काहीतरी हरवलंय आणि ते शोधतोय असं वाटावं. तिच्याकडे बघायला म्हाताऱ्यानं चेहरा तिरका केला. पुस्तकातलं चित्रच समोर बसलं होतं.

“या, या! नवीन दिसताय. चपला तिकडे काढा,” तो म्हणाला. आवाज मात्र एकदम टवटवीत.

तिनं चपला काढल्या. मग ती त्याच्या शेजारी येऊन बसली.

तलावाच्या काठावर एक बाई उभ्या होत्या. केस पिकलेले, हातात शिट्टी, आणि पाठ ओळंब्यानं मोजून घेतल्यासारखी सरळ. पाण्यात दहाबारा माणसं होती, बहुतेक उतारवयातली. “पाण्याला पाठ द्या! घाबरू नका, ते धरतं!” बाई सांगत होत्या. मागून कुणीतरी हाक मारली, तर त्या नुसती मान न वळवता सगळ्याच्या सगळ्या वळल्या, एखाद्या राणीसारख्या. मग शिट्टी हातातून निसटली. बाईंनी खाली पाहिलंही नाही. हात पुढे करून उभ्या राहिल्या. म्हातारा लगबगीनं उठला, शिट्टी उचलली आणि त्यांच्या तळव्यावर ठेवली.

काय हा तोरा, तिला वाटलं. बिचाऱ्याची पाठ ती तशी, आणि वर ही हुकमत!

पण बाई पायऱ्या उतरून पाण्यात शिरल्या, आणि ती रागवायचं विसरली. बाई उताण्या झाल्या आणि निघाल्या. ना शिंतोडे, ना धडपड. पाणी जणू आपण होऊन बाजूला होत होतं. बाकीचेही हात थांबवून बघत राहिले. छपराच्या काचेतून उतरलेलं ऊन त्यांच्या अंगावरून सरकत गेलं. कुणी मोठ्यानं श्वास घेतला असता तरी त्या क्षणाला तडा गेला असता. माणसाचं शरीर इतकं निश्चिंत असू शकतं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

बाई काठाशी आल्या. “चला, उतरा.”

“मला नाही जमायचं,” ती तुटकपणे म्हणाली. “तुमच्यासारखी पाठ असती, तर गोष्ट वेगळी होती.”

“पाठ कशी का असेना,” बाई म्हणाल्या, “पाणी विचारत नाही.”

ती उतरली. बाईंनी तिच्या पाठीखाली हात धरला, मग केव्हातरी काढून घेतला. तो काढलेला तिला कळलाही नाही. कमरेतली पहाटेपासूनची गाठ हळूच सैल झाली. वर छप्पर, खाली पाणी, आणि मध्ये ती, तरंगत. डोळे भरून आले.

बाहेर आल्यावर म्हाताऱ्यानं तिच्या हातात टॉवेल दिला. आता तिला धीर आला होता.

“काका, मला डॉक्टरांनी तुमच्याकडे पाठवलंय. मलाही तोच आजार निघालाय. इतकी वर्षं हे अंगावर घेऊन तुम्ही असे हसतमुख कसे राहिलात?”

“माझ्याकडे?” म्हातारा खो खो हसला. “अहो, मी जन्मभर फरश्या बसवल्या, म्हणून पाठ ही अशी झाली. तुम्हाला हिच्याकडे पाठवलंय, आमच्या मंडळींकडे.” त्यानं तिरक्या मानेनं पाण्याकडे पाहिलं. “लग्न झालं तेव्हापासून हिचे मणके चिकटतायत. आता मानेपासून खालपर्यंत सगळे एक झालेत, पण रोज पोहून तिनं ते सरळच ठेवले. तिला वाकता येत नाही, मला सरळ होता येत नाही. जमिनीवर पडलेलं मी उचलतो, आणि फळीवरचं ती काढते.”