दुसऱ्या बाजूची शेवटची धून

"सही नको मला, दोरवालसाहेब. काम आहे," हातात केकची बशी घेऊन तो माणूस पियानोशी येऊन उभा राहिला.

दुपारचे साडेतीन. बाड लिंडेनाउ या जर्मन गावी गरम झऱ्यांत सांधे शेकायला आलेली म्हातारी मंडळी कॅफेत आलुबुखाराच्या केकवर क्रीम थापत होती. पियानोवाल्याचं खरं नाव हार्टविग लोमायर. 'रेमी दोरवाल' हे रेकॉर्ड कंपनीनं तीस वर्षांपूर्वी चिकटवलेलं फ्रेंच नाव. जर्मन माणसाचा पियानो गोड लागत नाही म्हणे.

कंपनीच्या श्टेकलनं त्याला एकच नियम शिकवला होता. "तू वाजवताना खाणाऱ्याचा चमचा थांबला, तर तू चुकलास. तू ऐकू आला पाहिजेस, ऐकावासा वाटता कामा नयेस."

लोमायर कधी चुकला नाही. एकतीस रेकॉर्डी. लिफ्टमध्ये तो, दातांच्या दवाखान्यात तो, विमान सुटायच्या आधीही तोच. लाखोंच्या कानांवरून गेला, एकाच्याही कानात शिरला नाही. आता सहासष्टाव्या वर्षी त्याला एवढंच हवं होतं. मरायच्या आत कुणीतरी एकानं म्हणावं, मी तुमचं ऐकलं.

"बारा वर्षं रोज ऐकतोय तुम्हाला," माणूस म्हणाला. ऊवे थीस त्याचं नाव. मान जाड, नखं घासून घासून पांढरी पडलेली.

लोमायर पुरता त्याच्याकडे वळला. "रोज? कुठं?"

"कत्तलखान्यात. डुकरं आत सोडायचं काम माझं. ट्रकमधून उतरली की बिथरतात, एकमेकांवर चढतात. तुमची कॅसेट लावली की कशी निमूट चालायला लागतात! भ्यालेल्या डुकराचं मांस पाणी सोडतं हो. तुमच्या डुकराचं नाही सोडत."

शेजारच्या टेबलावरची बाई खुदकन हसली आणि खात राहिली. लोमायरही हसला. तीस वर्षांत त्याच्या तोंडाला दुसरं काही येईनासं झालं होतं.

"आता ती कॅसेट पार घासली," थीस म्हणाला. "दुकानात मिळत नाही. तेवढी नवी भरून द्या. फक्त दुसऱ्या बाजूची शेवटची धून नको."

लोमायरची बोटं मांडीवर आखडली. एकतीस रेकॉर्डींत त्याची स्वतःची अशी ती एकच धून होती. एकोणसत्तर साली त्या रेकॉर्डला तीन मिनिटं कमी पडली. "भर काहीही, तिथवर कोण मरायला पोचतंय," श्टेकल म्हणाला होता. सहा वर्षांच्या आंकेला, लोमायरच्या एकुलत्या एक पोरीला, पुरून तेव्हा चार दिवस झाले होते. त्यानं त्या तीन मिनिटांत तिला भरलं. पुन्हा ती धून कधी वाजवली नाही.

"का नको?" त्यानं विचारलं.

"थांबतात ना साली! चालता चालता मधेच. कान टवकारून, पाय रोवून उभी. मागून ढकला, काठी घाला, हलतील तर शपथ. ती तीन मिनिटं संपेपर्यंत सगळं काम ठप्प. मुकादम माझ्या नावानं शंख करतो. काय आहे हो त्यात असं?"

लोमायर पियानोकडे वळला. पंचवीस वर्षांनी बोटं त्या पट्ट्यांवर गेली. विसरली नव्हती.

"हेच! हेच ते!" थीस म्हणाला आणि त्यानं केकचा पुढचा घास घेतला.

लोमायर शेवटच्या सुरापर्यंत गेला. मागं वळून बघायची गरज नव्हती. आवाज येतच होता. चाळीस माणसं, चाळीस चमचे. एकही थांबला नाही.