पंख्याची दुसरी वायर

"डॉक्टरबाईंची पांढरी गाडी गेली?" गॅरेजात पाय ठेवताच भाच्याने विचारलं.

"मघाशीच." शब्दकोड्यात बुडालेल्या मामांनी मान वर केली नाही. "पंखा बसवला, वायरिंग केलं, पाठवून दिली. घाट चढायचाय म्हणत होत्या. आईला एसी सोसत नाही, म्हणून काचा उघड्या ठेवून गेल्या."

भाच्याने झटकन फोन काढला.

रेडिएटरच्या पंख्याला दोन वायरी हुकूम सोडतात. एसी लावला की एक, इंजिन तापलं की दुसरी, सेन्सरची. ही दुसरी वायर मामा हल्ली हमखास विसरायचे. गाडी सोडताना एसी लावून बघायचे, पंखा गरगरायचा आणि स्वारी खूश. वर्षभर भाचाच ते गुपचूप निस्तरत होता. मामा जेवायला गेले की बॉनेट उघडायचा, लोंबकळणारी वायर जोडायचा आणि साळसूदपणे हात पुसायचा. ज्यांनी हातात पहिला टेस्टर दिला, त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार, की तुम्हाला आता जमत नाही? त्यांच्यापायी त्याने दोन चांगल्या नोकऱ्या सोडल्या होत्या. बायको म्हणायची, "मामांना मूलबाळ नाही हे खरं, पण तुम्हाला संसार आहे."

आज मात्र दाढदुखीचं निमित्त सांगून तो तिसऱ्या मुलाखतीला गेला होता. नोकरी मिळाली. तिचा कागद खिशात होता आणि तिकडे एक म्हातारी बंद पंख्याच्या गाडीतून घाट चढत होती. तिला आपणच तिथे ढकललंय, असं त्याला वाटत राहिलं.

त्याने डॉक्टरबाईंना फोन लावला. कोणी उचलेना.

"एवढी कसली घाई?" मामांनी विचारलं.

मग त्याला राहवेना. "मामा, रागावू नका. दाढबिढ काही दुखत नव्हती. नोकरी बघायला गेलो होतो. आणि तुम्ही सेन्सरची वायर जोडायला विसरता. प्रत्येक गाडीत. वर्षभर तुमच्यामागे मी जोडतोय."

मामांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. बराच वेळ पुसला.

"मिळाली नोकरी?"

"मिळाली. पण मामा, ती गाडी..."

"तिला काही होत नाही," मामा खाली बघत म्हणाले. "आज तू नव्हतास. म्हणून दोन्ही वायरी जोडल्या."