वाळूच्या पिशव्या

डेलचा पिकअप मागून पार बसला होता. ओरेस्ट मेकॅनिकनं कण्हत खाली वाकून बघितलं. मागच्या चाकांवर गाडीचं वजन पेलणारे कमानीचे पाटे सपाट झाले होते.

"चांगले जाड पाटे टाक," डेल दमल्या आवाजात म्हणाला.

ओरेस्टनं हौद्यात डोकावलं. बर्फावर मागची चाकं घसरू नयेत म्हणून हिवाळ्यात टाकलेल्या वाळूच्या पिशव्या अजून तिथंच होत्या.

"अरे बाबा, मॅनिटोबातसुद्धा ऑगस्टात बर्फ पडत नाही! पाटे बसतील नाहीतर काय? ह्या उतरव आधी. मग साधे पाटेही पुरतील."

डेल जागचा हलला नाही. शेवटी ओरेस्टनंच एका पिशवीला हात घातला. जुन्या जीन्सच्या पायात वाळू भरून तोंड लाल दोऱ्यानं शिवलं होतं, बारीक टाक्यांनी. डेलच्या कोपरावरच्या ठिगळालाही तोच लाल दोरा होता. शिवणारी मार्लिस, डेलची बायको, मार्चमध्ये गेली. तिच्या शवपेटीला ओरेस्टनंही खांदा दिला होता.

त्यानं पिशवी होती तशी ठेवली.

"मला उतरवता आल्या असत्या," डेल म्हणाला, "तर तुझ्याकडे कशाला आलो असतो?"