फवारणीवर पाऊस

“मॅडम, एवढं औषध देताय, तरी ह्यांचा ताप का हटत नाय?” पिंपळगावहून आलेल्या सगुणाबाईंनी विचारलं. आयसीयूतल्या डॉक्टर मंजुषाची नजर डायलिसिस मशीनखालच्या पिशवीवर गेली. बाईंच्या नवऱ्याच्या रक्तातून गाळलेलं पिवळं पाणी तिथं सतत साचत होतं. मंजुषा मोठ्या डॉक्टरांकडे वळली. “सर, अँटिबायोटिक पूर्ण देऊया. मशीन ते धुऊन काढतंय.” “किडन्या बंद आहेत, औषध अंगात साचेल. निम्मंच द्यायचं, नियम आहे.” “किडन्या बंद, पण मशीन चालू आहे ना? फवारणीवर पाऊस आला तर माझे बाबा द्राक्षांवर परत फवारतात. निम्म्या औषधानं रोग मरत नाही, माजतो.” “ही द्राक्षबाग नाही, मंजुषा. काही झालं तर जबाबदारी तुझी!” “माझीच,” म्हणत तिनं पूर्ण डोस लावला. मग कमरेवर हात ठेवून ती मशीनपुढे उभी राहिली. “धू आता, किती धुवायचंय ते!”