आतून मूठ नसलेले दार

बंद खोलीतील भीती मोजण्याचा प्रयोग मीच आखला होता. दाराला आतून मूठ नव्हती. सुटकेसाठी टेबलावरची घंटा दाबायची. इतरांना कोंडण्यापूर्वी पहिली चाचणी मी स्वतःवर घेतली. “मी ओरडले तरी घंटा वाजल्याशिवाय दार उघडायचं नाही,” असे काचेपलीकडच्या विद्यार्थिनीला बजावले होते. आता दाबूनही घंटा वाजेना. “घंटा बिघडलीय, दार उघड!” मी काचेवर हात आपटला. “बाई, झकास वठवताय! मी फसायची नाही,” ती हसली. तिला मूर्ख म्हटले, हाकलण्याची धमकी दिली; ती नोंदी करत राहिली. माझा श्वास कोंडू लागला. “पोरी, पाया पडते तुझ्या,” मी म्हणाले. दार तत्क्षणी उघडले. “बाई, नाटकातसुद्धा तुम्ही विनवणी केली नसती,” तिने आधार देत म्हटले. “घंटा दुरुस्त करून घे,” मी फर्मावले. तिचा हात मात्र सोडला नाही.