फेबियनचा सत्कार

"पपा, तू संध्याकाळी हॉलवर येऊ नकोस."

फेबियनने एकदाचं म्हणून टाकलं. बस्त्याव आरशासमोर कोटाची बटणं लावत होता. सकाळपासून त्याने तो कोट किती वेळा घातला आणि काढला, याला गणतीच नव्हती. पाचूबंदरच्या जेट्टीवर भेटेल त्या बाईला थांबवून त्याने सांगितलं होतं, की आज चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये माझ्या पोराचा सत्कार आहे. पोरगा युरोपातल्या बड्या नाट्यगृहात ऑपेरा नि बॅलेचा वाद्यवृंद चालवतो, त्याच्या हातातली काठी हलल्याशिवाय तिथे सूर निघत नाही.

"का रे?" बस्त्यावने विचारलं.

"फादर तुला चार शब्द बोलायला लावतील. आणि तू परत बँडची गोष्ट काढशील."

ती गोष्ट गावाला पाठ होती. बस्त्याव उमेदीच्या वयात लग्नाच्या बँडमध्ये डमी होता. वरातीला वाजवणारे कमी पडले, की मालक त्याला लाल कोट चढवून, हातात क्लॅरिनेट देऊन रांगेत उभा करी. गाल फुगवायचे, बोटं नाचवायची, फुंकायचं मात्र नाही. बस्त्याव हे साभिनय सांगे, ऐकणारे पोट धरून हसत, आणि सगळ्यांत मोठ्याने हसे तो स्वतः.

"मग सांगू दे की!" आतल्या खोलीतून इस्त्री सोडून मर्सी बाहेर आली. ती फेबियनची धाकटी बहीण, तोंडाची फटकळ. "त्याच फुगवलेल्या गालांवर तू पियानो शिकलास. आई गेली तेव्हा प्रयोग सोडून येता येत नाही म्हणालास, आम्ही समजून घेतलं. नेटवर तुझा एक व्हिडिओ सापडत नाही, तिकडे शूटिंग करू देत नाहीत म्हणालास, तेही मानलं. पण आता बापाची लाज वाटते होय रे तुला?"

फेबियनचे कान तापले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

"लाज वाटते, मर्सी," तो कसाबसा म्हणाला.

मर्सीने हातातला शर्ट पलंगावर भिरकावला आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

बस्त्यावने कोट उतरवून खुंटीला अडकवला. तो रागावला असता, चार शिव्या हासडल्या असत्या, तर फेबियनला सोपं गेलं असतं. पण म्हातारा उलट पोराचीच समजूत काढायला बसला.

"बरोबर हाय तुजं. तू मोठा मानूस. लोक म्हनतील, पोरगा हात हलवतो नि आख्खा ताफा वाजतो, आनि बाप काय करायचा? नुसता कोट घालून उभा ऱ्हायचा, नि त्याचे पैसे घ्यायचा." त्याने फेबियनच्या पाठीवर हात ठेवला. "माजं काय नाय. मी घरीच बसतो. तू बिनघोर जा."

तो हात फेबियनला सोसवेना. तो मटकन पलंगावर बसला.

"तुझी नाही रे, पपा. माझी लाज वाटते."

"तुजी? ती कशापायी?"

"वाद्यवृंद चालवणारा साहेब वेगळा आहे. तो अचानक आजारी पडला, तर त्याच्या जागी उभं राहायला एक माणूस हाताशी लागतो. तो मी. काळा कोट चढवून प्रत्येक प्रयोगाला पडद्यामागे खुर्चीवर बसायचं. त्याचाच पगार मिळतो मला."

बस्त्याव त्याच्या शेजारी पलंगावर टेकला.

"मग कंदी उभा ऱ्हायलास?"

"इतक्या वर्षांत तो एकदाही आजारी पडला नाही, पपा."